इद्रीस होडेकरांचा कान

दाभोळात त्या काळी गाड्या होत्या, पण गाड्यांचे मालक नव्हते. मालक दोहाला, कुवेतला, जेद्दाला. वर्षातून एकदा सुट्टीवर येत. येतानाच गाडी घ्यायची असं मनात ठरवून येत. चिपळूणहून गाडी यायची. मागच्या काचेवर मुलाचं नाव रंगवलं जायचं. सासरच्या अंगणात एक चक्कर व्हायची. मग सुट्टी संपायची. मालक विमानात आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये. अंगावर खाकी कव्हर. सीटवर दुकानातलं प्लॅस्टिक. ते काढायचं नाही. काढलं तर गाडी जुनी होते.

उभ्या गाडीची बॅटरी मरते, एवढं सगळ्यांना माहीत होतं. म्हणून दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की गाड्या चालू करायच्या. रस्त्यावर काढायच्या नाहीत. नुसत्या चालू करायच्या, थोडा वेळ गुरगुरू द्यायच्या आणि बंद करायच्या. हे काम इद्रीस होडेकर करत. गाव त्यांना इद्रीसचाचा म्हणे. पाच घरांच्या गाड्यांच्या चाव्या त्यांच्याकडे असत. घरात शिरल्याबरोबर दिसतील अशा, ओळीनं खिळ्यांवर. आलेला माणूस आधी चाव्यांकडे बघे, मग चाचांकडे. चाचांना हा क्रम मान्य होता.

या कामाचं ते काही घेत नसत. फक्त शेजारच्या अद्नानच्या शेडमध्ये त्यांची बायको कनीज परसातल्या पोफळींची सुपारी सोलून वाळत घालायची. पत्र्याखाली ऊब असते आणि दव लागत नाही. अद्नान दोहाला. त्याला विचारायचं कशाला?

चाचा जहाजावर तेलवाले होते. पार तळाला, इंजिनरूममध्ये. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तिथे काढली. घरी परतले तेव्हा गावात त्यांना कोणी फारसं विचारलं नाही. जहाजावरून आलेल्या माणसांचा दाभोळात तुटवडा नव्हता. संध्याकाळी बंदरावर बसायला दगड मिळायचा नाही, इतकी होती. पण ती बहुतेक डेकवरची. त्यांनी समुद्र पाहिला होता. चाचांनी समुद्र पाहिलाच नव्हता, इंजिन पाहिलं होतं. पुढे गावात गाड्या यायला लागल्या आणि या फरकाला एकदम भाव आला.

कुणाच्या गाडीत खुट्ट झालं की चाचांना बोलावणं जाई. चाचा येत. सदऱ्याच्या खिशातून लांब पेचकस काढत. त्याचं टोक इंजिनावर टेकवत आणि मूठ दातांत धरत. डोळे मिटून घेत. भोवतीची माणसं श्वास रोखून उभी. मग चाचा डोळे उघडत, पेचकस पुसत आणि म्हणत, "ऑइल बदल. चार दिवस बघ."

चार दिवसांत आवाज तरी जायचा, नाहीतर मालकाला आवाजाची सवय व्हायची. दोन्हीचं श्रेय चाचांना.

"दातानं ऐकतात," लोक पाहुण्यांना सांगत. "जहाजावरची पद्धत आहे. कानात शंभर आवाज घुसतात. दातात फक्त खरा."

खरं काय ते कनीजला माहीत होतं. चाचांना ऐकू येत नव्हतं.

इंजिनरूमनं कान खाल्ले होते. आधी डावा, मग उजवा. समोरच्या माणसाच्या ओठांवरून त्यांना बरंच कळे. मागून काहीच कळत नसे. म्हणून ते कुठेही गेले तरी भिंतीला पाठ लावून बसत. गाव म्हणे, काय रुबाब! हाक मारली तर ओ देत नसत. गाव म्हणे, विचारात आहेत. एखादा प्रश्न अंगावर आला आणि समजलाच नाही, तर थोडंसं हसून ते म्हणत, "बघू." या एका शब्दावर त्यांनी कित्येक वर्षं काढली. सगळी उत्तरं त्यात बसत.

पेचकस दातांत धरल्यावर मात्र इंजिन त्यांच्या कवटीत उतरायचं. तेवढं खोटं नव्हतं. बाकीचं सगळं त्यावर उभं होतं.

"रत्नागिरीला कानाचं मशीन मिळतं," कनीज म्हणायची. "लावून घ्या की."

"मशीन दिसतं."

"दिसू दे. ऐकू तरी येईल."

"ऐकू येईल, पण चाव्या जातील," चाचा म्हणायचे. "बहिऱ्याकडे गाडी कोण देईल?"

चाव्या गेल्या तर कुणाकडे जातील हेही ठरलेलं होतं. भागोजीकडे. भागोजी दाभोळ ते दापोली वडाप करायचा. त्याच्या ट्रॅक्समध्ये माणसं आत बसत, टपावर बसत, मागे लटकत, आणि तरीही वाटेत हात दाखवणाऱ्याला तो कधी नाही म्हणत नसे. चाचांच्या घरावरून जाताना तो उघड्या दारातून खिळ्यांकडे बघून घेई. रोज. चाचांना हे दिसायचं. डोळे शाबूत होते.

त्या वर्षी खाडीवर फेरीबोट नवीनच सुरू झाली होती. गाडी थेट बोटीत घालायची आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं. अद्नान सुट्टीवर आला तो हेच डोक्यात घेऊन. त्याचं लग्न ठरलं होतं आणि होणारं सासर खाडीपलीकडे होतं, हेदवीच्या वाटेवर. पांढरी झेन सासऱ्याच्या दारात उभी करायची, मग लग्नाची तारीख धरायची, असा बेत होता. त्यानं कव्हर काढलं. गाडी धुतली. बंदरावर एक फेरी मारली आणि तोंड पाडून टपरीसमोर येऊन थांबला.

"रेस दिली की आवाज येतोय," तो म्हणाला. "गडगड, गडगड. मग टक."

टपरीवरची माणसं चहा ठेवून उठली. गावात बऱ्याच दिवसांत काही झालं नव्हतं.

"उभ्या गाडीला रेस दिली की?" महिपतनं विचारलं. महिपत मिस्त्रीचं गॅरेज चढाच्या तोंडाशी, फणसाखाली होतं.

"नाही. चालत्या. उभी असताना गप्प असते."

"टॅपेट," महिपत म्हणाला. महिपत कशालाही टॅपेट म्हणे. पंक्चरलाही त्यानं एकदा म्हटलं होतं.

"टॅपेट नाय नि काय नाय," भागोजी म्हणाला. "पेट्रोलात रॉकेल हाय. चढाव लागला की इंजिन खोकतंय."

"खोकत नाही रे, गडगडतंय."

"मंग कफ हाय."

टपरीवाला म्हणाला, क्लच. त्याच्याकडे सायकल होती.

"दोहाला असं नसतं," अद्नान वैतागला. "तिथे गाडीला वायर लावतात. कॉम्प्युटर सांगतो काय झालंय ते."

"मंग गाडी दोहाला न्यायची होतीस," भागोजी म्हणाला. "आमच्याकडे चाचा हायत."

चाचांना बोलावलं. चाचा आले. अद्नाननं त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी बंदरावरून माथ्याकडच्या चढाला घातली. चाचा रस्त्याकडे बघत नव्हते. ते अद्नानच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्या वळणावर अद्नाननं पाय दाबला. त्याची भुवई चढली. त्याबरोबर चाचांचं बोट चढलं.

"हा!" चाचा म्हणाले.

"बरोब्बर! हाच!" अद्नान म्हणाला. "कान आहे, चाचा, तुमचा."

दुसऱ्या वळणावर पुन्हा भुवई, पुन्हा बोट. तिसऱ्या वळणावर म्हैस आडवी आली. अद्नानची भुवई चढली आणि चाचांनी तिथेही बोट वर केलं. पण अद्नानचं लक्ष म्हशीकडे होतं.

खाली आल्यावर बॉनेट उघडलं. पेचकस निघाला. चाचांनी डोळे मिटले. इंजिन लोण्यासारखं फिरत होतं. कुठे खरखर नाही, धक्का नाही, ताल चुकलेला नाही. इतकं निरोगी इंजिन त्यांच्या दातांना बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं.

"इंजिनात काही नाही," ते म्हणाले.

हे खरं होतं. कुणालाच आवडलं नाही. अद्नानचा चेहरा पडला. महिपतनं नाक खाजवलं. टपरीवाला कपाकडे परत निघाला. आणि भागोजी चाचांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ चाचांना स्वच्छ वाचता आले.

"पण चाचा, तुमाला आवाज आला ना?"

चाचांनी चारी बाजूंना बघितलं. सगळे डोळे त्यांच्या कानांवर होते. त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्या घराची भिंत आली. नुसते खिळे असलेली.

"आला की," ते म्हणाले.

"मंग कसला?"

पूर्वी एका जहाजावर असंच झालं होतं. उभं असताना गप्प, ओझं आलं की ठोके. चाचांना ते आठवलं. तेवढंच आठवलं.

"बिग एंड," ते म्हणाले. "क्रँकची बेअरिंग. उभी असताना गप्प बसते. गाडी ओढायला लागली की बोलते."

टपरीवर समाधान पसरलं. एवढा मोठा आजार त्या नाक्यावर पूर्वी कधी झाला नव्हता.

"मी तेच म्हणत होतो," महिपत म्हणाला.

अद्नानच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण त्यात थोडी ऐटही होती. त्यानं संध्याकाळी दोहाला फोन लावला आणि मित्रांना बिग एंड सांगितलं. तिथल्यांनीही हळहळ व्यक्त केली. दुसऱ्या दिवसापासून माणसं गाडी बघायला येऊ लागली. कव्हर उचलून बघत, जीभ चुकचुकत आणि चहा घेऊन जात. महिपतनं फणसाच्या फांदीला चेनकप्पी टांगली. मंगळवारी इंजिन उतरवायचं ठरलं.

त्याआधी रविवारी सासरी तर जायचं होतं. "हळू ने, रेस देऊ नको," महिपतनं बजावलं. सोबत चाचांना घेतलं. आजारी माणसाबरोबर डॉक्टर जातो तसे.

फेरीबोटीवर गाडी चढली. इंजिन बंद केलं. अद्नान खाली उतरून कठड्याशी गेला. चाचा गाडीतच बसून राहिले. खाडीच्या तोंडाला आत येणाऱ्या लाटेनं बोट पुढे-मागे डुलत होती. बोटीचं इंजिन इतक्या जोरात चालू होतं की माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलत होती. तेवढ्या पल्ल्यात चाचा आणि बाकीचे सारखेच होते.

चाचांची टाच दाराखालच्या पट्टीवर टेकलेली होती. बोट पुढे झुकली. टाचेखालून काहीतरी सरकत पुढे गेलं. टक. बोट मागे झुकली. तेच मागे गेलं. टक.

इंजिन बंद होतं.

चाचांनी इकडेतिकडे बघितलं. पेचकस काढला. वाकून त्याचं टोक दाराखालच्या पोकळ पत्र्यावर टेकवलं आणि मूठ दातांत धरली. बोट डुलली. गडगड, गडगड. टक. काहीतरी गोल होतं. एक नव्हे, पुष्कळ. लोखंड नव्हतं. लोखंड दातांत थंड वाजतं. हे लाकडासारखं वाजत होतं, हलकं आणि टणक.

कनीज टोपलीत सुपारी ओतायची तेव्हा टोपली चाचांच्या मांडीवर असायची. हा आवाज मांडीला ओळखीचा होता.

गाडीनं वेग घेतला की सुपाऱ्या मागे पळत होत्या. ब्रेक लागला की पुढे येत होत्या. पण ब्रेक मारताना कोणी इंजिन ऐकत नाही. रेस देताना सगळे ऐकतात.

पलीकडे सासऱ्यांनी जेवण मोठं केलं होतं. "बिग एंड म्हणजे फार मोठं काम, नाही का?" त्यांनी आदरानं विचारलं.

"बघू," चाचा म्हणाले. 

सोमवारी सकाळी अद्नान आणि महिपत बेअरिंग आणायला चिपळूणला गेले. चाचा शेडमध्ये शिरले आणि गाडीखाली झोपले. पुढच्या चाकामागचा पत्रा खाऱ्या हवेनं खाल्ला होता. तिथे भोक होतं. भोकाच्या कडेला उंदराच्या लेंड्या होत्या. शेडच्या कोपऱ्यात, गोणपाटावर, कनीजची सुपारी. ढीग एका बाजूनं खचलेला. उंदरांनी तिथून उचलून इथे साठवली होती. उंदरांचाही बहुधा असा समज असावा की ही गाडी कधी जागची हलत नाही.

त्यांनी कनीजला बोलावून भोक दाखवलं. कनीज आधी हसली. मग पदर तोंडाला लावून हसली. मग गंभीर झाली.

"जाऊन सांगा त्याला."

"काय सांगू? सुपारी आपली, शेड त्याची, लक्ष मी ठेवायचं होतं. आणि वर बिग एंड."

"तेच सांगा."

"त्यापेक्षा काढून टाकतो," चाचा म्हणाले. "आवाज जाईल. आवाज गेला की इंजिन कशाला खोलतील? तू दारात उभी राहा. कोणी आलं तर मला हाक मार."

कनीज त्यांच्याकडे बघत राहिली. "हाक मारू?"

"हां. म्हणजे, खडा मार."

चाचांनी गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि पुढचं भोक पेचकसानं मोठं केलं. सुपाऱ्या एकामागून एक खाली पडू लागल्या. कोंबडी अंडी घालते तशा, थांबून थांबून. पाटी भरत आली. कनीजनं दोनदा खडा मारला. दोन्ही वेळा कोणी आलं नव्हतं. ती म्हणाली, मारून बघितला, लागतो का ते.

मंगळवारी सकाळी गॅरेजसमोर गर्दी होती. भागोजीनं दापोलीची पहिली फेरी रद्द केली होती. अद्नान गाडी घेऊन आला. चाचा भिंतीला पाठ लावून उभे होते, हसतमुख.

अद्नान उतरला. चेहऱ्याचा रंग उडालेला.

"आवाज बंद झाला," तो म्हणाला.

"अरे वा!" चाचा म्हणाले. "मग कशाला खोलायचं? झालं काम."

महिपतनं मान हलवली. डॉक्टर नातेवाइकांसमोर हलवतात तशी. "चाचा, तुमीच सांगितलंत बिग एंड. बेअरिंग बोलत होती तोवर बरी होती. बोलायची थांबली म्हणजे संपली. आता कधीपण क्रँक धरेल, इंजिन जागीच जाम."

"आमच्या आजोबांचा खोकला असाच एकदम थांबला," भागोजी म्हणाला. "घरात सगळे खूश. दुपारी गेले."

सगळ्यांना ते पटलं. अद्नान खाली बसला.

"अरे, पण आवाज नाही ना?" चाचा म्हणाले.

"म्हणूनच तर."

"मी सांगतोय, इंजिन ठीक आहे."

"तुमचा जीव हाय तिच्यावर, म्हणून सांगताय," महिपत म्हणाला आणि त्यानं पाना उचलला.

चाचा थक्क झाले. स्वतःच बोललेल्या शब्दापुढे त्यांचं काही चालेना. बिग एंड आता त्यांचा राहिला नव्हता. तो गावाचा झाला होता. महिपतनं बॉनेट काढून बाजूला ठेवलं. बॅटरीच्या वायरी सोडवल्या. चेनकप्पीची साखळी खाली आली. निरोगी इंजिनाच्या गळ्यात ती पडताना चाचांनी बघितली. त्यांच्या दातांना अजून त्या इंजिनाची चव होती.

ते घरी गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पाटी होती. महिपतनं पाने मांडण्यासाठी अंथरलेल्या गोणपाटावर त्यांनी ती उपडी केली. सुपाऱ्या पान्यांमधून घरंगळत अद्नानच्या पायाशी गेल्या.

"हा आवाज," चाचा म्हणाले. "उंदरांनी पत्र्यात भरली होती. काल काढली. सुपारी माझी. इंजिनाला काही झालेलं नाही."

अद्नाननं एक सुपारी उचलली. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. दोहाला काय सांगायचं, हा पहिला विचार त्याच्या मनात आला असावा. चेहऱ्यावर तसं दिसलं.

भागोजी पुन्हा समोर येऊन उभा राहिला. "पण चाचा, तुमाला आवाज आलाता ना? मंग सुपारीचा बिग एंड कसा झाला?"

"नव्हता आला," चाचा म्हणाले. "मला ऐकूच येत नाही."

त्यानंतर शांतता झाली. किती मोठी झाली ते चाचांना कळलं नाही. त्यांची नेहमीचीच होती.

कोणाचा विश्वास बसेना. महिपत गुपचूप त्यांच्या मागे गेला आणि त्यानं रिकाम्या पिंपावर पाना हाणला. फणसावरचे कावळे उडाले. भागोजी दचकून सुपारीवर घसरला. चाचा शांतपणे अद्नानकडे बघत होते.

मग मात्र गर्दीला नवं काम मिळालं.

"मळ साचला असेल," टपरीवाला म्हणाला.

"मळ नाय, नस हाय. दाढेची नस थेट कानात जाते."

"खारा वारा. दुसरं काय?"

"डोकं वाकडं केलं की येतं का ऐकू? की सरळ असतानाच येत नाही?" महिपतनं विचारलं.

"खोबरेल कोमट करून घाला," भागोजी उठत म्हणाला. "नि चार दिवस बघा."

चाचांना ओठ वाचता येत होते. एकाच वेळी इतके वाचता येईनात. त्यांनी डोळे मिटून घेतले.

इंजिन खोललं नाही. महिपतला फार वाईट वाटलं. टॅपेट मात्र त्यानं करूनच दिले. गाडी जोडून झाल्यावर अद्नान चाचांकडे आला. त्यानं नुसता हात पुढे केला. चाचा त्याला घरी घेऊन गेले आणि खिळ्यावरची त्याची दुसरी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली.

दोन दिवस चाचा घराबाहेर पडले नाहीत. कनीजनं चहा केला, मासे तळले, शेवटी समोर बसून म्हणाली, "उरलेल्या चार घरांतून माणसं येतील. ती मागायला यायच्या आधी तुम्ही देऊन या. त्यांनी मागून नेलेलं बरं दिसत नाही."

शुक्रवारी नमाज झाल्यावर चाचा चार चाव्या रुमालात बांधून निघाले. पहिलं घर नबीलाचं. तिचा नवरा कुवेतला, गाडी मागच्या शेडमध्ये. चाचांनी रुमाल सोडून तिची चावी ओट्यावर ठेवली.

"ही भागोजीकडे दे आता."

नबीला थेट त्यांच्यासमोर आली आणि मोठमोठ्यानं, एक एक शब्द सुटा करून बोलू लागली. आता सगळं गाव त्यांच्याशी असंच बोलत होतं.

"भागोजीकडे? चाचा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? तो गाडी वडापला लावेल. टपावर माणसं बसवेल."

"पण मला ऐकू येत नाही."

"मग? गाडीला कुठे काय बोलायचंय?"

"माझ्या कानावर तुमचा विश्वास होता म्हणून..."

"कुणाचा?" नबीलानं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच समजलं नव्हतं. "चाचा, गाडीतलं कळणारे गावात पुष्कळ आहेत. गाडी चालवता न येणारे तुम्ही एकटेच. म्हणून तर चावी तुमच्याकडे दिली. ह्यांनी मुद्दाम विचारून घेतलं होतं, इद्रीसचाचांकडे लायसन नाही ना?"

चाचा ओट्यावर बसले. भिंत मागे आहे की नाही, तेही बघितलं नाही.

पेचकस, दात, मिटलेले डोळे, भिंतीला टेकलेली पाठ. इतकी वर्षं जिवाच्या आकांतानं सांभाळलेला तो कान. त्याची कुणाला गरजच नव्हती. गावाला फक्त एक असा माणूस हवा होता जो गाडी चालू करील आणि पुढे नेऊ शकणार नाही.

"चहा ठेवू?" नबीला ओरडली.

"ठेव," चाचा म्हणाले.

दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्यानं तर चावी हातातच घेतली नाही. चौथ्या घरी दार उघडायच्या आधीच आतून कोणीतरी हात हलवून नाही नाही केलं. चाचा जसे गेले तसे, रुमालात चार चाव्या घेऊन परत आले.

सुट्टी संपता संपता अद्नानही आला. लग्नाची तारीख धरली होती. त्यानं स्वतःच्या हातानं चावी खिळ्याला लावली आणि चाचांच्या समोर उभा राहून, बोटं मोजत दोन गोष्टी सांगितल्या. "सुपारी माझ्या शेडमध्ये नाही. आणि भागोजीनं मागितली तर मी मेलो म्हणून सांगा."

"आणि आवाज आला तर?" चाचांनी विचारलं.

अद्नाननं थोडा विचार केला. "कनीजचाचीला विचारा," तो म्हणाला.

चाव्या पाचच्या पाच राहिल्या. कान गेला. चाचांना आनंद व्हायला हवा होता. बरेच दिवस तो होईना. शुक्रवारी ते गाडीत बसत, चालू करत आणि समोरच्या पत्र्याकडे बघत राहत. डोळे मिटायची आता गरज नव्हती. बघायला कोणी येत नव्हतं. एकदा कनीज सोबत आली. तिनं मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक चाचपलं, बसून बघितलं आणि आरशातून त्यांना दिसेल अशी म्हणाली, "आता तरी मशीन आणू या?"

"आणू," चाचा म्हणाले. बघू म्हणाले नाहीत.

मशीन यायच्या आधीच्याच एका शुक्रवारी ते नाक्यावरून जात होते. भागोजीची ट्रॅक्स भरून उभी होती. टपावर माणसं चढत होती. भागोजीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, दोन्ही हात तोंडाच्या दोन बाजूंना धरले आणि बंदरापर्यंत जाईल अशी आरोळी ठोकली.

"चाचा! ट्रॅक्समधून आवाज येतोय! रेस दिली की!"

टपरीवरची माणसं चहा ठेवून उठली.

चाचांनी त्याचे ओठ वाचले आणि ते थांबले. सदऱ्याच्या खिशाकडे त्यांचा हात गेला आणि परत आला.

"मला नाही येत," ते म्हणाले आणि नबीलाच्या शेडकडे वळले.